पुस्तक मिटल्यावर

पुण्यात नव्या पेठेत आणि सदाशिव पेठेत उजाडायच्या सुमारास अभ्यासिकांची दारं उघडतात. प्लायवूडच्या फळ्या मारून पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा, मोबाइलच्या चार्जिंगची सोय आणि समोरच्या फळीवर चिकटवलेला अभ्यासक्रम. काही कप्प्यांत त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत एखादं पद लिहिलेलं असतं : उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी बीड, परभणी, जालना, नंदुरबार, यवतमाळ अशा ठिकाणांहून आलेली मुलं-मुली या सीटचं महिन्याचं भाडं भरतात, मेस लावतात, अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं आणतात आणि बसतात. दहा तास, बारा तास, परीक्षा जवळ आली की त्याहूनही जास्त.

चहाच्या टपरीवर दोन अनोळखी मुलांची ओळख होते ती साधारण दोन प्रश्नांतून. कितवा अटेम्प्ट, आणि किती तास बसतोस? गावाहून फोन आला की आई-वडीलही तेच विचारतात. तास मोजता येतात, सांगता येतात, त्यांची तुलना करता येते, म्हणून सगळा हिशेब तासांत होतो. त्या तासांतून डोक्यात काय उरलं, हा प्रश्न मात्र निकालाच्या दिवसापर्यंत कुणी विचारत नाही.

इथली पुस्तकं उघडून पाहावीत. पानंच्या पानं पिवळ्या, गुलाबी, हिरव्या रेघांनी भरलेली. राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचून होत असतं आणि 'चौथं रीडिंग चालू आहे' हे समाधानानं सांगितलं जातं. पण तेच पुस्तक मिटून, कोरा कागद पुढ्यात घेऊन, आत्ता वाचलेल्या प्रकरणातलं काय काय आठवतं ते लिहून काढणारं कुणी क्वचितच दिसतं. स्मरणाबद्दल गेल्या शतकभरात जे खात्रीनं कळलं आहे, त्यातला सगळ्यात भक्कम भाग नेमका या कोऱ्या कागदाशी जोडलेला आहे. ज्यांनी आपली विशी या परीक्षांवर लावली आहे त्यांच्यापर्यंत तो कुणी नीट पोचवलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

२००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. सामान महागडं नव्हतं. छोटे उतारे होते, एक सूर्याबद्दल, एक समुद्रातल्या ऊदमांजरांबद्दल. विद्यार्थ्यांचे तीन गट. पहिल्या गटानं पाच-पाच मिनिटांच्या चार बैठकांत उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं तीन बैठका वाचला आणि चौथ्या बैठकीत, उतारा बाजूला ठेवून, आठवेल तेवढं लिहून काढलं. तिसऱ्यानं एकदाच बैठक मारून वाचला आणि उरलेल्या तिन्ही बैठकांत फक्त आठवून लिहिलं. काय चुकलं, काय राहिलं हे त्यांना कुणी दाखवलं नाही. उतारा परत डोळ्यांखालून गेला नाही.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांची सरशी झाली : त्यांना ८३ टक्के आठवलं, तीन वेळा आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. ज्यांची परीक्षा आठवड्याभरानं झाली त्यांच्यात चित्र पालटलं. फक्त वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, तीन बैठका वाचून एकदा आठवणाऱ्यांकडे ५६ टक्के आणि एकदा वाचून तीनदा आठवणाऱ्यांकडे ६१ टक्के. यातली मोठी गोष्ट अशी की पहिल्या गटाच्या डोळ्यांखालून तो उतारा सरासरी चौदा वेळा गेला होता, तिसऱ्या गटाच्या साडेतीन वेळासुद्धा नाही.

या आकड्यांइतकाच मला त्याच प्रयोगातला आणखी एक तपशील महत्त्वाचा वाटतो. 'आठवड्यानं तुम्हाला हे कितपत आठवेल?' असं विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं. सगळ्यात जास्त खात्री होती ती चारही बैठका वाचणाऱ्या गटाला. ज्यांचं सगळ्यात जास्त निसटणार होतं, तेच सगळ्यात निर्धास्त होते.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चौथ्यांदा वाचताना पान ओळखीचं झालेलं असतं. वाक्य सुरू झालं की पुढे काय येणार ते कळतं, डोळे सरसर पुढे जातात आणि मन सांगतं, हे येतंय आपल्याला. ही ओळख खरी असते, पण ती पान समोर असेपर्यंतच साथ देते. समोर काही नसताना आतून ओढून काढणं हे वेगळं काम आहे आणि ते प्रत्यक्ष केल्यानंच जमू लागतं. माणसं चालून चालून पायवाट पडते, तसं. पूर्वपरीक्षा देऊन बाहेर पडलेल्या मुलांच्या तोंडी हमखास एक वाक्य असतं : 'दोन ऑप्शनमध्ये अडकलो.' दोन पर्याय ओळखीचे वाटले, त्यातला बरोबर कोणता ते आठवलं नाही. चार रीडिंग झालेल्या पुस्तकाचं हे नेहमीचं फळ आहे आणि त्यात त्या मुलाच्या बुद्धीचा काही दोष नाही.

कार्पिकी, रोडिगर आणि अँड्र्यू बटलर यांनी २००९ मध्ये १७७ विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही अभ्यास कसा करता? सुमारे ८४ टक्क्यांनी पुन्हा वाचतो असं सांगितलं. आपलं आपण आठवून पाहतो असं सांगणारे ११ टक्के निघाले. चांगल्या नावाजलेल्या विद्यापीठातली ही मुलं होती. म्हणजे ही सवय काही आपल्या पेठांमध्येच जन्मलेली नाही. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं तोवरचं संशोधन तपासलं. रेघा मारणं आणि पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं. वरच्या गटात दोनच पद्धती राहिल्या : स्वतःची परीक्षा घेत राहणं आणि अभ्यास दिवसांवर पसरून करणं.

पहिली पद्धत आपल्याकडे नवी नाही, आणि हे आवर्जून सांगायला हवं. पाढे पाठ करून घेणाऱ्या जुन्या मास्तरांच्या शाळेत पाढा नुसता वाचून सुटका नव्हती. उभं राहून म्हणावा लागे. बे एके बे पासून तीसपर्यंत, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी; आणि म्हणून झाला की मधूनच कुठूनही विचारलं जाई, तेरा साते किती? वेदपाठशाळांतही पदपाठ, क्रमपाठ आणि मग क्रम उलटसुलट करून म्हणायचे जटापाठ, घनपाठ अशा पायऱ्या आहेत. पुढे आपण 'घोकंपट्टी' म्हणून या सगळ्याला नावं ठेवली. अर्थ न समजता पाठ करण्याला नावं ठेवलीच पाहिजेत. पण ते करताना, पोथी मिटून दुसऱ्याला म्हणून दाखवण्याची रीतही आपण टाकून दिली आणि फक्त वाचणं शिल्लक ठेवलं. पाठांतरातला नेमका गुणाचा भाग गेला. आज एखाद्या घरात आजी नातवाला पुस्तक बंद करायला लावून 'सांग बघू' म्हणते, तेव्हा ती त्याला पुष्कळ शिकवण्यांपेक्षा मोलाचं काहीतरी देत असते.

दुसरी पद्धत, दिवसांवर पसरण्याची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात स्वतःवरच केलेले प्रयोग मांडले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही काळानं तीच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. एका दिवसानंतर पहिल्या मेहनतीपैकी जेमतेम एक तृतीयांश वाचत होती. पण महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश वाचत होती. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं आणि मग मंदावतं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी, पुढच्या लांबत गेल्या तरी चालतात. किती लांबवायच्या? निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर हे तपासलं. आठवड्यानं परीक्षा असेल तर दोन अभ्यासांत साधारण एका दिवसाचं अंतर चांगलं ठरलं, महिन्याभरानं असेल तर अकरा दिवसांच्या आसपासचं आणि जवळजवळ वर्षानं असेल तर तीन आठवड्यांच्या आसपासचं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास वर्ष-वर्ष चालतो. तिथे एका महिन्यात इतिहास 'संपवून' चार महिने त्याच्याकडे न पाहणं हे नुकसानीचं आहे. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र रोज थोडं थोडं फिरतं ठेवलं तर वाटायला विस्कळीत वाटतं, पण टिकतं.

हे विस्कळीत वाटणंच मुलांना घाबरवतं. गणितात ते फार स्पष्ट दिसतं. शालेय पुस्तकात एका घटकाखाली एक सरावसंच असतो आणि त्यातली सगळी उदाहरणं त्याच घटकाची. कोणतं सूत्र वापरायचं हे शोधावंच लागत नाही, ते पानाच्या वरच छापलेलं असतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटानं एका आकृतीची सगळी उदाहरणं एकत्र सोडवली, दुसऱ्यानं सरमिसळ. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, दुसऱ्याची ६०. आठवड्यानं परीक्षा झाली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर कोसळला आणि दुसरा ६३ वर टिकून होता. दहावीच्या मुलाला घरी सगळी उदाहरणं येतात आणि पेपरात 'सुचलंच नाही' असं तो रडवेला होऊन सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. उदाहरण कोणत्या जातीचं आहे हे ओळखण्याचा सराव त्याला कधी मिळालेलाच नसतो. पुस्तकाच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहांतली उदाहरणं चिठ्ठ्या टाकून, कुठलंही कधीही, अशी सोडवली तरी पुष्कळ फरक पडेल.

आता परीक्षेच्या खोलीत जाऊ. इथे सल्ल्यांचा सुकाळ असतो आणि त्यातले बरेच नुसते ऐकीव असतात. 'निगेटिव्ह मार्किंग आहे, तुक्का मारू नको' हा त्यातला पहिला. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा, वेळ दोन तास. बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं तर त्यांच्या एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण वजा. काहीच माहीत नसताना चारांतला एक पर्याय निवडला तर सरासरीनं प्रश्नामागे एक अष्टमांश गुण मिळतो. जवळजवळ शून्यच, आणि नशीब फिरलं तर तोटा. पण एक पर्याय खात्रीनं चूक आहे हे कळलं तर सरासरी एक तृतीयांशावर जाते, आणि दोन बाद करता आले तर पाऊण गुणावर. असे दोनांत अडकलेले बारा प्रश्न भीतीपोटी सोडून येणारा मुलगा सरासरीनं नऊ गुण मागे ठेवून येतो, आणि कट-ऑफ तर अर्ध्या-एका गुणानं चुकतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग जातो, तिथे निव्वळ अंदाजाची सरासरी बरोबर शून्य येते. एमएचटी-सीईटीत गुण कापलेच जात नाहीत; तिथे एकही प्रश्न सोडून येण्याचं कारण नाही.

हे गणित मात्र कागदावरचं आहे. पेपर काढणारे फसवे पर्याय मुद्दाम घालतात आणि 'दोनांतलं' उत्तर प्रत्यक्षात निम्म्या वेळा बरोबर येतंच असं नाही. म्हणून सराव-पेपर सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे खूण करावी : पक्कं, दोनांतलं, निव्वळ अंदाज. पेपर तपासल्यावर तिन्ही ढिगांतली किती बरोबर आली ते वेगवेगळं मोजावं. पाच-सहा पेपरांत आपला स्वतःचा आकडा हाती येतो. राज्यसेवेच्या नियमानं पाचात एकाहून जास्त उत्तरं बरोबर येत असतील तर त्या ढिगातले प्रश्न सोडवणं फायद्याचं. दुसऱ्या कुणाची स्ट्रॅटेजी ऐकण्यापेक्षा या तीन आकड्यांवर मी कितीतरी जास्त भरवसा ठेवेन.

'पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नको' हा असाच दुसरा सल्ला, घराघरात दिला जाणारा. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या दीड हजारांवर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतली खाडाखोड तपासली. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबरवर गेली होती, २५ टक्के बरोबरवरून चुकीवर. बरोबर असलेलं उत्तर आपल्या हातानं खोडल्याचं दुःख वर्षानुवर्षं लक्षात राहतं आणि बदलून मिळवलेले गुण कुणी मोजत नाही, म्हणून तो समज टिकून आहे. अर्थात ओएमआर उत्तरपत्रिकेवर शाईनं गोळा एकदा रंगवला की तो बदलता येत नाही. तेव्हा शंका असलेल्या प्रश्नाचा गोळा लगेच न रंगवता प्रश्नपत्रिकेवर खूण करून पुढे जायचं आणि दुसऱ्या फेरीत ठरवायचं. त्यासाठी शेवटची वेळ राखून ठेवावी लागते, आणि ती घरी घड्याळ लावून सराव केल्याशिवाय राहत नाही.

परीक्षेच्या भीतीबद्दल एक नोंद. पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली काळजी कागदावर लिहून काढली तर गुण वाढतात, असं सांगणारा २०११चा एक प्रयोग खूप गाजला. पुढे तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फायदा दिसला नाही. लिहून ज्याला बरं वाटतं त्यानं जरूर लिहावं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. भीती कमी करणारी खात्रीची गोष्ट म्हणजे तो प्रसंग सवयीचा करणं : त्याच वेळेला, त्याच अवधीत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, मधे न उठता पूर्ण पेपर. आणि आदल्या रात्री झोप. जागून वाचलेली शेवटची चाळीस पानं दुसऱ्या दिवशीच्या थकलेल्या डोक्याला फारशी उपयोगी पडत नाहीत.

हे सगळं आत्ताच लिहिण्याला आणखी एक कारण आहे. २०२५च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, त्यांपैकी मराठी आणि इंग्रजी हे भाषेचे दोन केवळ पात्रतेचे. गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या सात पेपरांचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. २०२३च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली ती या बदलासाठी वेळ मिळावा म्हणून, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं तो दोन वर्षं पुढे ढकलला. त्या मुलांची मागणी मला तेव्हाही रास्त वाटली होती. ज्यांनी वर्षानुवर्षं चार पर्यायांतून निवडण्याचा सराव केला, त्यांना कोऱ्या पानावर स्वतःची वाक्यं मांडायला सांगणं ही मोठी उडी आहे. आता तिथे ओळखीचा उपयोग नाही. पंचायत राज व्यवस्थेच्या अडचणींवर लिहा म्हटलं की घटनादुरुस्ती, निधी, ग्रामसभा, आरक्षण हे सगळं आतूनच यायला हवं, क्रमानं यायला हवं, मिनिटांच्या हिशेबात कागदावर उतरायला हवं. रोज एका प्रश्नाचं उत्तर पुस्तक मिटून लिहिणारी, मग पुस्तक उघडून लाल शाईनं राहिलेलं भरणारी मुलगी एका वर्षात तीनशेहून अधिक उत्तरं लिहिते. तिच्याकडे महागडी टेस्ट सिरीज नसली तरी ती मागे राहणार नाही. जुने पेपर आणि उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. कागद-पेनाखेरीज या पद्धतीला काहीच लागत नाही, आणि मला त्यातली ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते. बापाच्या सोयाबीनच्या पैशातून येणारा दर महिन्याचा हप्ता ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला हे आधी कळायला हवं.

अभ्यासाच्या पद्धतीनं पदांची संख्या वाढत नाही. काही शे जागांसाठी लाखांनी अर्ज येतात, जाहिराती लांबतात, तारखा पुढे जातात, आणि उत्तम अभ्यास केलेली पुष्कळ मुलंही बाहेरच राहणार असतात. त्यांना 'तुझी पद्धत चुकली' असं म्हणणं क्रूर ठरेल. पण पद्धत सुधारली तर तेच काम कमी तासांत होऊ शकतं. उरलेल्या वेळात एखादी नोकरी धरता येते, दुसरी पदवी घेता येते, व्यायाम करता येतो, गावी चार दिवस राहता येतं. निवड झाली नाही तरी विशी संपताना हातात काहीतरी असतं. 'प्लॅन बी' हा शब्द इथे सगळे उच्चारतात. त्यासाठी वेळ कुठून काढायचा ते कुणी सांगत नाही.

अलीकडे गावोगावी ग्रामपंचायती, आमदार निधी, देणगीदार यांच्याकडून अभ्यासिका उभ्या राहत आहेत. हे चांगलं होतंय. खुर्च्या येतात, पंखे, वायफाय, पुस्तकांचं कपाट येतं आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी लागते. शांतता हवीच. पण आठवून सांगण्याला आवाज लागतो, आणि आज तो आवाज चहाच्या टपरीवर पळून गेला आहे. तिथे मुलं एकमेकांना कलमं विचारतात, चालू घडामोडींवर वाद घालतात आणि वेळ वाया घालवला म्हणून स्वतःलाच बोल लावत परत येतात. मुलींना तर पुष्कळ गावांत तेवढीही जागा नसते. म्हणून अभ्यासिकेचा आराखडा मंजूर करताना सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एक वेगळी खोली त्यात धरावी, दार लावलं की आवाज बाहेर न जाणारी. भिंतीवर मोठा फळा, मधे लांब टेबल, भिंतीवरचं घड्याळ आणि मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे छापील गठ्ठे. रोज संध्याकाळी एक तास मुलांनी आणि मुलींनी पुस्तकं बाहेर ठेवून आत यावं, एकानं विचारावं, दुसरीनं फळ्यावर लिहून दाखवावं, चुकलं तर तिसऱ्यानं दुरुस्त करावं. दहावी-बारावीच्या मुलांनाही त्या तासाला येऊ द्यावं. येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीही मांडू शकतं.